शरदचं पिवळं फूल

आम्ही इंग्लंडमधल्या रीडिंग गावचे चार मराठी डॉक्टर जमलो की पेशंटचे किस्से कुणी सांगत नाही. निघतात ते शरदच्या फुलांचे! ऐंशीच्या दशकात त्याला रानफुलांचा नाद लागला आणि दर उन्हाळ्याला एक नवा किस्सा जमा होत गेला.

* * *

शरद भूल देणारा डॉक्टर. स्वतः मात्र कायम टक्क जागा! एकदा ट्रेनमधून त्याला रुळांकडेला पिवळं फूल दिसलं. ‘रेअर!’ म्हणत पुढच्या स्टेशनवर उतरून गडी चालत मागे आला. आमच्या भागातल्या रानफुलांची नोंद मिसेस पार्सन्स ठेवायच्या. त्यांनी निकाल दिला, “डँडेलियन.” म्हणजे इथलं कुठेही उगवणारं तण!

शरद म्हणाला, “बट अ व्हेरी हेल्दी वन!”

* * *

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो एका आजोबांना तपासायला गेला आणि उशाशी ठेवलेल्या डेझींवरच भिंग धरून बसला. शेवटी आजोबाच म्हणाले, “डॉक्टर, पेशंट मी आहे!”

* * *

पण नव्वदच्या सुमाराला घरामागच्या टेकडीवर त्याला खरंच काहीतरी सापडलं. “फील्ड फ्लीवर्ट! डेझीच्या कुळातलं, इथलंच, पण आता दुर्मीळ. एकच रोप आहे, एकच फूल! या वेळी चुकलो तर भिंग तुला देतो आणि गोल्फ खेळायला लागतो.”

गोल्फचं नाव काढल्यावर मी घाबरलोच. रविवारी मिसेस पार्सन्सना घेऊन टेकडीवर गेलो. रोप होतं, फूल गायब! शरदचा चेहरा पांढराफटक.

घरी आलो तर त्याची आई नुकतीच पूजा आटपून बसली होती. साताऱ्याहून महिनाभरासाठी आलेली, रोज सकाळी फुलं तोडून आणायची. जिन्याखालच्या कपाटात देवघर, आणि तिथे गणपतीच्या डोक्यावर फ्लीवर्ट!

शरदने हात पुढे केला. आई कडाडली, “वाहिलेलं फूल काढायचं नाही! उद्या निर्माल्य झालं की घे.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, “क्वाइट राइट. साधं रॅगवर्टही असंच पिवळं दिसतं; रॅगवर्ट की फ्लीवर्ट, ते फुलाच्या खालच्या बाजूनेच कळतं. मी ते न काढताच बघते.” बूट काढून त्या गुडघ्यांवर बसल्या, भिंग डोळ्याला लावलं आणि खाली खाली वाकत कपाळ पार जमिनीला टेकवलं.

“फ्लीवर्ट!” कपाटातून आवाज आला. “नो डाउट अॅट ऑल!”

शरदच्या डोळ्यांत पाणी. आईने बाईंच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि शरदकडे वळून म्हणाली, “बघ! असा करतात नमस्कार!”