एक जूनच्या यादीत माझं नाव नव्हतं

आमच्या वयाच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, मग शाळेत नाव घालताना मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. मी तिसरीतच शाळा सोडली, एक जून मात्र कायमचा चिकटला. आमच्या चर्चमध्ये जूनच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब वाढदिवसाची नावं वाचतात, तेव्हा म्हाताऱ्यांची रांगच लागते. गुडघे चोळत पुढे उभं राहायचं, मंडळी टाळ्या वाजवते, पाळकसाहेब प्रार्थना करतात.

यंदा मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. बायको दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेली. वाढदिवसाला शिरा करणारं आता घरात कोणी नाही. मुलगी सिन्नरला, तिच्या व्यापात. वर्षातून एकदा माझं नाव कोणी मोठ्यानं घेतं, ते तेवढंच.

नऊ नावं वाचली. माझं नाही.

बाकाची कड धरून मी अर्धा उठलो होतो. तसाच खाली बसलो आणि पडलेलं गीतपुस्तक शोधायचं सोंग केलं. मी गवंडी माणूस. त्या चर्चचा आतला गिलावा माझ्या हातचा, अजून कुठे फुगलेला नाही. भिंतीला माझा हात चालतो, आणि यादीत माझं नाव चालत नाही? शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत मी बाहेर पडलो.

पुढचे तीन रविवार गेलोच नाही. देवाशीही अबोला धरला. जेवणाआधीची प्रार्थना तेवढी सुटली नाही, पण आमेन झालं की गप्प. पाळकसाहेब नवे, ते विसरतील. पण देवा, तू? बायको गेल्यापासून ही भीती मनात होती, की आता वरही माझी आठवण कोणाला नसेल. ती यादी ऐकली आणि वाटलं, झालं, खरंच निघालं.

मग एका संध्याकाळी चुलत बहीण आली, पंचवटीच्या बाजारातली मेथी घेऊन. ती मोठी की मी, यावर आमचं अजून भांडण आहे, कारण तीही एक जूनचीच. दारातूनच सुरू झाली.

"काय रे, रुसलास म्हणे? रुसायला तुझं काय लग्न हाय का आज?"

"तुझं नाव वाचलं ना? मग तू बोलू नको."

"वाचलं म्हणून काय माझे गुडघे बरे झाले? पाळकसाहेबांनी दोनदा निरोप धाडला, तू दार उघडलं नाहीस."

"त्यांना पाय आहेत."

"आहेत ना. मागेच येतायत."

खरंच आले. बगलेत फडक्यात गुंडाळलेली जाड वही. "जय ख्रिस्त, बाबा." मीही जय ख्रिस्त म्हटलं, पण बसा म्हटलं नाही. ते आपणहून बसले.

"बाबा, तुमचं नाव यादीतून मीच काढलं."

"वर तोंडावर सांगता!"

"चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाळवीपासून वाचवत होतो. त्यात तुमचा बाप्तिस्मा सापडला. तुमचा जन्म ऑगस्टातला आहे. तेव्हा तुम्हाला एकट्यालाच पुढे बोलवायचं, गंमत करायची, असं ठरवलं होतं. तुम्ही एवढे चिडाल हे डोक्यातच आलं नाही. माफ करा. हे घ्या, तुम्हीच वाचा."

मी बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं. बापाचं नाव, आईचं नाव. माझं नाव. पुढे लिहिलं होतं: मूल अपुऱ्या दिवसांचे, सातव्या महिन्यात जन्मले. जगेलसे वाटत नाही. घरी जाऊन बाप्तिस्मा दिला. मंडळीने रोज प्रार्थना करावी.

त्याखाली दुसऱ्या शाईत दोनच शब्द. मूल तरले.

आईनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. सिमेंटची गोणी जन्मभर एकट्यानं उचलली, ती माझ्याच बळावर, अशा तोऱ्यात मी होतो. आणि मला माझं नाव कळायच्या आधी अख्खी मंडळी ते रोज देवापुढे घेत होती. घेणारे सगळे मातीआड गेले. ज्यानं ऐकलं, तो आहे. वीतभर जीव ज्यानं सोडला नाही, तो आता एवढं मोठं धूड विसरेल होय?

"बाबा, बोला काहीतरी," पाळकसाहेब म्हणाले.

"शिरा खाणार का?" मी म्हटलं.

"सर तिकडे, कढईला हात लावू नकोस," म्हणत बहीण चुलीशी, म्हणजे गॅसशी गेली. तिथून ओरडली, "पाळकसाहेब, माझं पण पान बघा की! मोठं कोण ते एकदाचं ठरू द्या."

"तुमचं पान वाळवीनं खाल्लं, मावशी."

"खाणारच! मोठी मीच असणार म्हणून खाल्लं."

रवा भाजल्याचा वास सुटला. पाळकसाहेब प्रार्थनेला उठले, तर मी त्यांना हातानं थांबवलं. अबोला मी धरला होता, सोडायचाही मीच. तीन आठवड्यांचं साचलेलं बोलायचं होतं, त्यामुळे प्रार्थना लांबली. आमेनआधी डोळे उघडायचे नाहीत म्हणून बहीणही गॅससमोर डोळे मिटून उभी राहिली, आणि शिरा खाली लागला.

आम्ही तिघांनी तो खरवडून खाल्ला.