माझी रेघ कोणी सरकवली?

तेव्हा मी चाळिशीची होते आणि स्वतःला लय शहाणी समजायची. दारव्ह्याच्या एका वर्कशॉपात बोर्डवर पेन्सिलीनं मशीनचे नकाशे काढायची. कापसाचं बिघडत गेलं, आसपासच्या सरकी काढायच्या जिनिंग गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या दुरुस्तीची कामंही गेली. मालकांनी मग सोयाबीनच्या थ्रेशरचं काम धरलं, कॉम्प्युटर आणला आणि तो चालवायला मारेगावची एक पोरगी ठेवली. आता माझी खुर्ची जाते, हे मी तिची उंच टाचेची चप्पल पाहूनच ओळखलं.

मालक म्हणाले, "बाई, चाळणीच्या चौकटीचा नकाशा तुम्हीच काढा कॉम्प्युटरवर. संध्याकाळी पायजे. नाही जमलं तर यापुढं सारे पोरगीच काढन."

पोरीनं समजावलं, "ताई, रेघ निळी असली म्हणजे मोकळी हाय, ओढली का सरकते. सारी मापं बसली का काळी होते. मंग हालत नाही."

मी मान डोलावली. ऐकलं कुठं? ही एवढी गोड काहून बोलून राह्यली, याच विचारात होते.

चौकटीच्या रेघा ओढून जेवायला गेले, परत आले तर एक बाजू तिरपी. पोरगी खिडकीपाशी संत्रं सोलत बसलेली, अगदी साळसूद.

"माही रेघ काहून सरकवली?"

"मी कायले सरकवू? निळीच होती ते. उठताना तुमचाच माऊस लागला असन."

असन म्हणे. मारक्या बैलाला दोन्हीकडून दावं लावतात, तशी मी एकेका रेघेला मापं लावत सुटले. लांबी दिली, तीच पुन्हा दुसऱ्या बाजूनं दिली, वर कोनही दिला. कॉम्प्युटर मधेमधे काहीतरी विचारायचा, मी न वाचता 'हो' दाबायची. बघता बघता अख्खी चौकट लालभडक.

"हेबी मीच केलं का?" पोरगी म्हणाली.

"तुहा काय भरोसा?"

"ताई, बांधलेल्याले पुन्हा बांधलं का लाल होते. मापं आपसात भांडून राह्यली. जास्तीची सोडा."

सोडायला जीव होईना. तिच्या हातांवर डोळा ठेवून मी एक माप काढून टाकलं. तिनं दोन्ही हात वर केले, संत्र्याच्या फोडीसकट. आणखी काही काढली, तशी एक रेघ काळी झाली. ओढून पाहिली, हलली नाही. उन्हं उतरेपर्यंत सगळी चौकट काळी केली.

मालकांनी नकाशा पाहून कटिंगला दिला आणि म्हणाले, "उद्यापासून दोघी एकाच कॉम्प्युटरवर बसा."

दुसऱ्या दिवशी माऊसपुढची खुर्ची धरायला मी लवकरच पोचले. पोरगी तिथं आधीच बसली होती.