शेवटच्या पानावरचं कुंकू

लग्न होऊन मी सांगलीहून पाटणजवळच्या एका खेड्यात गेले, तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या. त्यांचा चहा गार होऊ द्यायचा नाही, आणि देव्हाऱ्यातल्या पोथीला हात लावायचा नाही. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, घरातसुद्धा हुकूमच सोडायचा.

पोथी म्हणजे हिरव्या कापडात बांधलेलं, हातानं लिहिलेलं जुनं अरबी पुस्तक. घरात कुणाला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, त्यामुळे सासऱ्यांना मोकळं रान होतं. त्यांच्या पणजोबांनी लढाईत पराक्रम केला, बादशहानं खूश होऊन पोथी दिली आणि पहिल्याच पानावर त्यांचं नाव घातलं, असं ते गावभर सांगत. पुरावा काय, तर त्या पानावरचा मजकूर खाली निमुळता होत गेलेला. "भाल्याचं पातं हाय त्ये. उगं काढलंय व्हय कुनी?" दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर पोथी पुजायची आणि त्या पानावर ओल्या बोटानं, चांगलं दाबून, कुंकू लावायचं. हे तीन पिढ्या चाललेलं.

मी शाळामास्तरांची मुलगी. असलं ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चार वर्षं तोंड दाबून बसले. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरच्या दसऱ्याला पाहुण्यांपुढे कथा पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी बादशहानं पणजोबांना मिठीही मारली. मग मात्र मला राहवेना. "मामंजी, माझ्या माहेरच्या गल्लीत अरबी शिकवणारे एक म्हातारे मौलवी आहेत. एकदा वाचून तरी घेऊ."

सासूबाईंनी तर डोळेच मिटले. सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "चला की. आमाला कसलं भ्या?" आणि वर सगळ्या गावाला सांगून ठेवलं, की परत आल्यावर पारावर पणजोबांचं नाव जाहीर करणार.

एसटीत ते पोथी मांडीवर घेऊन ताठ बसले. पुढच्या बाईच्या पाटीतली कोंबडी पोथीकडे टक लावून बघते म्हणून त्यांनी त्या बाईला कोंबडीचं तोंड फिरवून धरायला लावलं. कराडपासून सांगलीपर्यंत बिचारी तशीच धरून बसली.

मौलवींनी हात धुतले, पुसले आणि पोथी दुसऱ्या बाजूनं उघडली.

"आवं, उलटं धरलंय तुमी," सासरे म्हणाले.

"सुभेदारसाहेब, अरबी उजवीकडून सुरू होतं. तुमचं पहिलं पान हे शेवटचं."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. जन्मभर लेफ्ट-राइट केलेला माणूस डावं-उजवं चुकला होता, तेही आजोबांपासून.

"हे दुवांचं पुस्तक आहे, प्रार्थनांचं," मौलवी म्हणाले. "लढाई नाही यात. बादशहाही नाही. शेवटचा मजकूर असा निमुळता लिहायची पोथ्या उतरवून काढणाऱ्यांची पद्धतच असते."

"मंग त्या पानावर हाय तरी काय?"

मौलवींनी चष्मा चढवला. "ज्यानं हे लिहून काढलं तो म्हणतो, वाचणाऱ्या, चुकलं असेल तर माफ कर, आणि माझ्यासाठी देवाकडं माफी माग. मी अमुक, अमक्याचा मुलगा…" ते थांबले. पान खिडकीकडे धरून पाहिलं. "नाव कुंकवाखाली गेलंय. आता निघायचं नाही."

सासरे त्या लाल डागावर वाकले. "आमीच पुसलं व्हय?"

"पुसायचं म्हणून नाही पुसलंत," मौलवी म्हणाले आणि त्यांच्यापुढे चहा सरकवला. तो गार झाला तरी सासऱ्यांनी उचलला नाही.

परतीच्या एसटीत पोथी मांडीवरच होती, पण ते ताठ बसले नव्हते. जिरली एकदाची, असं मला वाटायला हवं होतं. पण मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा वर राग येत होता. शेवटी मीच म्हणाले, "मामंजी, पारावर मी सांगते, पणजोबांचं नाव निघालं म्हणून." चार वर्षं ज्या थापेवर चिडले, तीच मारायला मी तयार झाले होते. त्यांनी नुसती मान हलवली, ती हो म्हणून का नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

पारावर सगळा गाव जमलेला. सासरे उभे राहिले, पोथी छातीशी धरलेली. "पणज्याचं नाव न्हाई यात. बादशाबी न्हाई. ज्यानं लिवलं त्याचं नाव व्हतं, ते आमी कुंकू लावून लावून घालवलं."

"आन् भाला?" कुणीतरी विचारलं.

"भालाबी न्हाई गड्या."

पुढच्या दसऱ्याला मी सवयीनं कुंकवाची वाटी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली, पोथी उजवीकडून उघडली, कोरड्या हातानं एकेक पान उलटत शेवटापर्यंत गेले आणि हात जोडले.

"देवा, ह्यो मानूस तुझ्याकडं माफी मागतोय. त्याचं नाव आमी घालवलं, पर तुला ठावं असंल."