गोकुळ रोडच्या मिरचीचा पासपोर्ट

माझ्या मुलीचं लग्न पोर्तुगीजांमुळे मोडता मोडता राहिलं. घरच्यांच्या मते यात पोर्तुगीजांचा काहीही दोष नाही, दोष सगळा माझा आहे. पोर्तुगीज काही आता बाजू मांडायला हुबळीत येणार नाहीत, तेव्हा निदान माझी बाजू तरी मी मांडून ठेवतो.

मी भूगोलाचा मास्तर. आमच्या घराण्याचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान आहे, ते थोरले अण्णा बघतात. मलाही तरुणपणी वर्षभर गादीवर बसवलं होतं. पण बाई लुगडं बघायला आली की मी तिला नाईलच्या काठी कापूस कसा पिकतो ते सांगत बसे. (बाई शांतपणे ऐकून घेई आणि शेजारच्या दुकानात जाऊन लुगडं घेई.) शेवटी अण्णांनीच मला शाळेत चिकटवलं. शाळेचा फायदा असा, की ऐकणाऱ्याला उठून शेजारच्या वर्गात जाता येत नाही.

आम्ही विद्यानगरात राहतो. मी, बायको सुनंदा, मुलगी रेवती आणि माझी थोरली बहीण अक्का. अक्काचं वय बाहत्तर. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आहे. आम्ही तिथे तिच्या परवानगीनं पाणी पितो.

तर त्या एकादशीला अक्का साबुदाण्याच्या खिचडीचं ताट घेऊन बसली होती. मी नुकताच शाळेतून आलो होतो. नववीच्या वर्गाला समुद्रप्रवासांचा धडा शिकवला होता आणि तास संपला तरी माझं शिकवणं संपलं नव्हतं. मी अक्काच्या ताटाकडे पाहिलं आणि मला राहवेना.

"अक्का, तुला ठाऊक आहे का? साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो ब्राझीलकडचा!"

"असेल," अक्का म्हणाली आणि तिनं घास उचलला.

"बटाटा पेरू देशातला. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. मिरची मेक्सिकोची. सगळं पोर्तुगीजांनी गलबतात घालून गोव्याला आणलं. तुझ्या ताटात आपल्याकडचं म्हणजे फक्त तूप आणि मीठ!"

घास हवेतच थांबला. अक्कानं तो ताटात परत ठेवला. मला वाटलं, आता ती म्हणेल, सदा, किती रे तुझं ज्ञान!

"सदा," अक्का म्हणाली, "साठ वर्षं मी एकादशी करत्ये. आणि तू हे मला आज सांगतोस?"

"अगं, पण चालतं ते..."

"किती वर्षं झाली त्यांना येऊन?"

"झाली असतील की चारपाचशे."

"पाहुण्यांनी किती दिवस राहायचं असतं?"

या प्रश्नाचं उत्तर भूगोलात नाही. अक्का म्हणाली, "यादी कर."

इथे मी घोटाळा केला, हे कबूल करतो. शहाण्या माणसानं अशी यादी केलीच नसती, किंवा चार नावं लिहून सोडून दिली असती. मी कार्डशीट आणला! वर जगाचा नकाशा काढला, बाण दाखवले, समुद्राला निळा रंग दिला. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे, साबुदाणा, मका, काजू, पपई, अननस, लाल भोपळा. अक्का चष्मा लावून वाचत होती.

"पेरू?"

"अगं, नावातच देश आहे त्याच्या!"

"आणि ते सूर्यफुलाचं तेल?"

"उत्तर अमेरिका."

अक्कानं तेलाचा डबा उचलून बाल्कनीत ठेवला. सुनंदा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. ती नजर मी लग्नानंतर दोनदाच पाहिली आहे. (पहिली वेळ सांगण्यासारखी नाही.)

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात येणाऱ्या प्रत्येक जिनसाची विमानतळावर करतात तशी चौकशी सुरू झाली. अक्का वस्तू हातात धरून विचारी, "हे कुठलं?" वांगं सुटलं. कांदा सुटला. केळं हसतहसत आत गेलं. फ्लॉवरला दारातूनच परत पाठवलं. चहाची वेळ आली तेव्हा अक्काचा आवाज जरा मऊ झाला, कारण ती स्वतः दिवसातून चार वेळा घेते.

"सदा, चहा चीनचा ना रे?"

"हो. पण आसामातही रानात उगवत होता."

"मग आसामचाच आहे आपला," अक्का म्हणाली आणि आधण ठेवलं.

चार दिवस आम्ही मिरपूड घातलेली आमटी खाल्ली. पाचव्या दिवशी रविवार होता, आणि त्या रविवारी रेवतीला बघायला पाहुणे येणार होते. बघायला म्हणजे नावालाच. रेवती आणि किरण एकाच ऑफिसात, दोघांचं आधीच ठरलेलं. मोठ्यांनी एकत्र जेवायचं, मान डोलवायची आणि तारीख काढायची, एवढंच काम. मुलाच्या वडिलांचा गोकुळ रोडला कारखाना आहे, एवढं मला माहीत होतं. गोकुळ रोड म्हणजे नटबोल्ट, लेथ मशीन, वेल्डिंग. मी तेच धरून चाललो. (रेवती म्हणते तिनं मला तीनदा नीट सांगितलं होतं. मी तेव्हा समुद्राला निळा रंग देत होतो.)

सुनंदानं सकाळी शेवटचा प्रयत्न केला. "अक्का, पाहुण्यांपुरत्या तरी चार मिरच्या घालू या."

"पाहुण्यांच्या ताटात पाहुणे कशाला?" अक्का म्हणाली. विषय संपला.

बरोबर बाराला मंडळी आली. किरण, त्याची आई शांताक्का आणि वडील मारुतीअप्पा. मारुतीअप्पा म्हणजे दाराएवढा माणूस, पांढराशुभ्र शर्ट, भरघोस मिशा. बसल्याबसल्या त्यांनी दोन पिशव्या काढल्या. एकीत सुकलेल्या, सुरकुतलेल्या, लालभडक मिरच्या. दुसरीत, रबर लावलेल्या पिशवीत, तिखटाची पूड.

"आमच्या घरची रीत हाय अक्का," ते म्हणाले. "नवं नातं जोडायला जाताना हातात मिरची. पेढे काय, कुणीबी आणतंय. अस्सल ब्याडगी. पूड कालच आमच्या गिरणीत दळलीया."

गिरणीत! माझ्या डोळ्यांपुढून सगळे नटबोल्ट एकदम गडगडत गेले. आणि अक्का? अक्कानं हात पुढे केलाच नाही.

"ही आमच्याकडं चालत नाही," ती म्हणाली.

"तिखट सोसत नाही होय? ही बघा की, रंगाला जास्त, तिखटाला कमी."

"तिखटाचं नाही. परदेशी आहे ती."

"कोण?"

"मिरची."

मारुतीअप्पांनी पिशवीकडे पाहिलं, मग अक्काकडे, मग छताकडे. "एन्री इदु! काय हो हे! ब्याडगी हितनं दोन तासांवर हाय हो अक्का! सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी येतोय मी!"

"मूळची मेक्सिकोची."

"कोण म्हणतंय?"

अक्कानं माझ्याकडे बोट केलं. सुनंदानंही केलं. रेवतीनं नाही केलं, कारण तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

"मास्तर," मारुतीअप्पा हळू आवाजात म्हणाले, "माझ्या आजोबांनी मिरची विकली, बापानं विकली, मी विकतोय. ती परदेशी?"

या क्षणी कुठलाही माणूस म्हणाला असता, 'चहा घेणार का?' मी म्हणालो, "थांबा, नकाशा आणतो!"

"बाबा, नको!" रेवती ओरडली. पण माझा कार्डशीट भिंतीवर टांगूनही झाला होता. स्टुलावर चढलो. गलबत म्हणून हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून तिखटाची पिशवी उचलली.

"हे मेक्सिको. इथून निघाली मिरची." पिशवी निघाली. "हा अटलांटिक महासागर. हे पोर्तुगाल. आता आफ्रिकेला वळसा!" सगळ्यांच्या माना पिशवीबरोबर वळत होत्या. असा वर्ग मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता! "आणि हे आफ्रिकेचं टोक. इथे खलाशी थरथर कापत! अशी वादळं होत, अशी वादळं..."

वादळ दाखवायला मी पिशवी जोरात हलवली. रबर सुटलं. डोक्यावर पंखा पाचावर होता.

पुढची दोन मिनिटं त्या खोलीत काय झालं ते मी पाहू शकलो नाही, कारण पहिली मूठभर पूड माझ्याच डोळ्यांत गेली. पण ऐकू येत होतं. आधी किरण शिंकला, मग शांताक्का, मग रेवती आणि सुनंदा जोडीनं. अक्काच्या शिंका तर घड्याळाच्या ठोक्यांसारख्या, मी बारा मोजल्या. आणि या सगळ्यावर एकाच माणसाचा आवाज अगदी स्वच्छ येत होता. मारुतीअप्पांचा!

"पंखा बंद करा! घाबरू नका! ब्याडगी हाय म्हणून वाचलाय, दुसरी असती तर दवाखान्यात जेवायला लागलं असतं!"

मी चाचपडत स्टुलावरून उतरलो. आता पाय धरायचे, माफी मागायची, मुलीचा संसार वाचवायचा! समोर काहीतरी उंच, रुंद उभं होतं. मी हात जोडले. "मारुतीअप्पा, चुकलो मी. माझ्या मूर्खपणाची शिक्षा पोरांना देऊ नका. तुमची मिरची आमच्या घरची लक्ष्मी आहे!"

"अहो," सुनंदा शिंकत म्हणाली, "फ्रिज आहे तो!"

कुणीतरी माझा दंड धरला. तो हात मारुतीअप्पांचा होता. "डोळे चोळू नका मास्तर. अजिबात नाही. चला." त्यांनी मला लहान मुलासारखं बेसिनकडे नेलं, स्वतः डोळ्यांवर पाणी मारलं, कोचावर आडवं केलं आणि थंड दुधात भिजवलेले कापसाचे बोळे डोळ्यांवर ठेवले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. माणसाच्या धंद्याला मी नावं ठेवली, शर्ट रंगवला, आणि तो माझे डोळे पुसत होता.

शिंका थांबल्या. मी आडवा पडून ऐकत होतो.

"अक्का," मारुतीअप्पांचा आवाज आला, "खरंच ती तिकडनं आली?"

"सदा खोटं बोलत नाही," अक्का म्हणाली. "तेवढंच वाईट आहे त्याचं."

"अस्सं. मग मला सांगा, तुम्ही मूळचे कुठले?"

"आम्ही सांगलीकडचे. आजोबा आले कापडाची गाठोडी घेऊन."

"आमचा आजा मिरजेचा. तोबी असाच आला. कन्नड येत नव्हतं, बाजारात खुणेनं माल विकायचा. आता आम्ही स्वप्नंबी कन्नडात बघतो. मग मी पाहुणा काय हो हितला?"



"ही मिरची आली तेव्हा कशी होती कुणास ठाऊक," ते पुढे म्हणाले. "पण हितली काळी माती तिनं खाल्ली, हितलं ऊन खाल्लं. रंग हितला झाला, नाव गावाचं लागलं. आता तिला मेक्सिकोत नेऊन सोडली तर तिकडं कुणी ओळखणार बी नाही."

अक्काच्या बांगड्या वाजल्या. ती उठली होती.

"म्हणजे पाहुणी नव्हे ती," अक्का म्हणाली. "सून आहे. सुनेला कुणी कुठलीस म्हणून विचारतं का? सुनंदा, चल गं, फोडणी करू या!"

भिंतीवरचा माझा कार्डशीट टराटरा फाटल्याचा आवाज आला. (समुद्र रंगवायला मला पूर्ण एक संध्याकाळ लागली होती. पण मी बोळ्यांखाली गप्प राहिलो.) पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून मिरचीच्या फोडणीचा असा ठसका उठला, की सगळे पुन्हा एकदा शिंकले आणि यावेळी हसायलाही लागले.

मला डोळे उघडता आले तेव्हा दीड वाजला होता. समोर सगळी माणसं लाल! शांताक्कांची साडी, किरणचा कुर्ता, मारुतीअप्पांच्या मिशासुद्धा. रंगपंचमी खेळून आल्यासारखी मंडळी पाटावर बसून ज्वारीची भाकरी, वांगं आणि अक्काची लालजर्द चटणी खात होती. मारुतीअप्पांनी बोट चाटलं.

"अक्का, आमच्या गिरणीत असली चटणी करणारं माणूस नाही बघा."

"मला नोकरीला ठेवता का?" अक्का म्हणाली.

"नोकरी कसली? तुमची पोरगी द्या, चटणी शिकवून!"

तारीख त्याच पंगतीत निघाली. मला कुणी विचारलं नाही. तेव्हाच्या माझ्या चेहऱ्याकडे बघून मीही मला विचारलं नसतं.

लग्न झालं. महिनाभरानं रेवतीचा फोन आला. "बाबा, मामंजींनी जेवायला बोलावलंय तुम्हाला. पण एक अट आहे. पंगतीत भूगोल बंद." मी शब्द दिला. सुनंदानं तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

जेवण सुरेख झालं. भात झाला, भाजी झाली, मी फक्त "छान", "वा" आणि "पुरे" हे तीनच शब्द वापरले. मग मारुतीअप्पा स्वतः वाढायला आले आणि पानात गरम जिलबी पडली.

"घ्या मास्तर! जिलबी म्हणजे आपली जुनी, अस्सल हितलीच!"

जिलबी मूळची कुठली ते मला ठाऊक आहे. ती कुठल्या वाटेनं आली, तिकडे तिला काय म्हणतात, सगळं ठाऊक आहे. जिभेच्या टोकावर इराण येऊन उभा राहिला. घाम फुटला. सुनंदानं शेजारून माझी मांडी धरली. रेवतीनं वाढता हात थांबवला. सगळी पंगत माझ्या तोंडाकडे बघत होती.

आणि मास्तरकीच्या तीस वर्षांत पहिल्यांदाच मी एक अख्खा देश एक शब्दही न बोलता गिळला. वर आणखी दोन मागून घेतले!