रामघाटाच्या पायांनी एकवीस किलोमीटर

मला लहानपणापासून एका जागी बसवत नाही. आमचं मराठी घर उत्तरेकडे, नदीकाठच्या रामघाटाच्या गलीत. वडील वेदपाठशाळेत शिकवणारे, म्हणजे मांडी घालून तासन्‌तास बसणं हा घरातला रोजचाच उद्योग. अण्णांचे विद्यार्थी ओसरीवर पाठ म्हणत बसायचे आणि मी त्यांच्या मागून उगाच ये-जा करायची. पुढे शाळेत गणित शिकवायला लागले, तेव्हाही शिकवता शिकवता वर्गभर फिरायची. चाळिशी उलटल्यावर हे कमी होईल असं वाटलं होतं, पण ते वाढलंच. पहाटे अचानक जाग यायची आणि कुठेतरी पोचायला उशीर झालाय असं वाटत राहायचं. डॉक्टरांनी तपासलं आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. त्याने माझी चिडचिड आणखीच वाढली.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर नाशिकच्या एक बाई भाड्याने राहायला आल्या. बँकेत अधिकारी, बदलीवर आलेल्या. मी त्यांना ताई म्हणू लागले. त्या रोज पहाटे बूट घालून धावायला जात. एकदा जिन्यात गाठ पडली तेव्हा म्हणाल्या, "जागीच आहेस तर चल की."

मी ओढणी कमरेला बांधून निघाले.

आम्ही घाटाघाटाने धावायचो. दुर्गाघाटाकडे जाऊन परत फिरायचं आणि मुन्शी घाटापर्यंत यायचं. पायऱ्या, चौथरे, मध्येच चिखल, मध्येच आडवा बसलेला सांड. मला ते जमलं, कारण जन्मभर मी असंच चालत आले होते. ताई दमून थांबायच्या तरी माझे पाय थांबायला तयार नसत. म्हणून थंडीत कँटोन्मेंटकडे होणाऱ्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत त्यांनी स्वतःबरोबर माझंही नाव घातलं.

"पण ती सगळी डांबरी सडक आहे," त्या म्हणाल्या. "तिथे एकदा धावून बघू."

रविवारी आम्ही मोठ्या रस्त्यावर गेलो. थोडं धावल्यावर माझ्या नडग्या ठणकू लागल्या. ताईंनी मोबाइलवर माझं धावणं टिपलं आणि मला दाखवलं. मी बघतच राहिले. कोपरं छातीशी आवळलेली, मान खाली, एक खांदा पुढे काढलेला. रिकाम्या रस्त्यावर मी समोरून कुणी घागर घेऊन येत असल्यासारखी अंग चोरून धावत होते. पाऊल टाचेवर पडत होतं, आणि प्रत्येक पावलाला मी ब्रेक लावत होते.

"सगळं बिघडलेलंय ना?" मी विचारलं.

"बिघडलेलं नाही, गल्लीचं आहे," ताई म्हणाल्या. "मान वर कर. खांदे सोड."

मी मान वर केली, खांदे सोडले, आणि कुणी न सांगता लांब लांब ढांगा टाकायला लागले. टीव्हीवर धावपटू तसेच दिसतात. चारच दिवसांत उजवा गुडघा दुखायला लागला. ताई वैतागल्या. "ढांग कुणी सांगितली तुला? तुझं पाऊल आखूडच बरं. ते फक्त शरीराच्या पुढे जाऊ देऊ नकोस, खालीच पडू दे."

त्यानंतरचे दोन महिने फार वाईट गेले. आजवर पाय आपले आपण चालत होते, आता प्रत्येक पावलाला विचार करावा लागायचा. मान बघावी तर कोपरं आवळायची, कोपरं सोडावीत तर टाच आपटायची. शाळेत फळ्याकडे जातानाही मी पाऊल कुठे पडतंय ते बघायची. अण्णांच्या ते लक्षात आलं.

"श्वास कुठे घेतेस?" त्यांनी विचारलं. "पाठ म्हणताना जागा ठरलेल्या असतात. मध्येच घेतला की म्हणणं मोडतं."

मला ते एकदम पटलं. दुसऱ्या दिवशी मनात स्तोत्र म्हणत, त्याच्या जागा सांभाळत धावले, आणि पहिल्याच चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली. अण्णांना सांगितलं तेव्हा ते हसले. "अगं, ते बसून म्हणायचं असतं."

शर्यतीच्या दिवशी इतकं धुकं होतं की पुढच्या माणसाची पाठही धड दिसत नव्हती. सुटण्याआधी मी जागच्या जागी नाचत होते. ताईंनी दंड धरला. "सुरुवातीला हळू. मी पुढे गेले तर माझ्यामागे येऊ नकोस."

मी हो म्हटलं आणि सुटल्याबरोबर सगळ्यांच्या बरोबरीने पळत सुटले. इतकी माणसं शेजारून पुढे जात असताना हळू जाणं मला शक्यच नव्हतं. काही वेळ तर मी ताईंच्याही पुढे होते. मग त्या शांतपणे बाजूने निघून गेल्या आणि धुक्यात दिसेनाशा झाल्या. निम्मं अंतर झालं नसेल, तोच गुडघ्यात कळ आली. मी चालू लागले. लोक मला मागे टाकत गेले. शेवटी रस्त्यावर मी, चहाच्या बंद टपऱ्या आणि मागून सावकाश येणारी गाडी, एवढंच उरलं. थकलेल्यांना उचलून नेणारी ती गाडी माझ्या शेजारी आली.

"बैठ जाइए दीदी," ड्रायव्हर म्हणाला. "पीछे अब कोई नहीं है."

गाडीत दोघंजण ब्लँकेट गुंडाळून बसले होते. मला त्यांचा हेवा वाटला. पण त्यांच्यासारखं खिडकीतून बघत बसणं मला जमणारं नव्हतं.

"नहीं भैया, आप चलिए."

"चलें कैसे? हमको तो आपके पीछे ही रहना है."

ती गाडी पाठीशी असणं मला सहन होईना. मी पुन्हा धावू लागले. लांब पाऊल टाकलं की कळ यायची, म्हणून घाटाची पायरी उतरताना टाकतो तसं अगदी छोटं पाऊल टाकलं. कळ कमी झाली. खांदे सैल ठेवले. धुक्यामुळे समोर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मान वर ठेवली. दिसायला ते कसं होतं कोण जाणे, पण त्यात ब्रेक नव्हता. पुढे एक गृहस्थ चालताना दिसले, मी त्यांना मागे टाकलं. मग आणखी दोघींना. गाडीचा आवाज मागे पडला, तेव्हा मला रडू आलं.

मी पोचले तेव्हा कमान उतरवायला माणसं शिडी लावत होती. ताई शाल पांघरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातात केळं दिलं.

"पायऱ्या उतरल्यासारखी आलीस," त्या म्हणाल्या.

"वाईट दिसत होतं?"

"नाही. तुझंच दिसत होतं."

घरी जाताना गलीतल्या पायऱ्या मी भिंतीला धरून, तिरकी होऊन उतरले. अण्णा दारातच उभे होते. त्यांनी आधी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

"आता स्वस्थ वाटतंय का?"

"नाही, अण्णा."

आत जाऊन त्यांनी तेल गरम करायला ठेवलं.

संध्याकाळी ताई विचारपूस करायला खाली आल्या. मी विचारलं, "पुढची शर्यत कधी असते?" त्या म्हणाल्या, "आधी गुडघा दाखवून ये." डॉक्टरांनी पंधरा दिवस धावायचं नाही म्हणून सांगितलं. त्या पंधरा दिवसांत मी घरातलं प्रत्येक कपाट दोनदा आवरलं, आणि दुसऱ्यांदा आवरताना अण्णा आपल्या पोथ्या उचलून शेजाऱ्यांकडे जाऊन बसले.