पीटीच्या बाई आणि कूलरचा धबधबा

दैवशालाबाईंना बसलेली माणसं बघवत नसत. पारावर बसलेली, पानटपरीच्या बाकड्यावर बसलेली, जीप भरायची वाट बघत सावलीला उकिडवी बसलेली. रस्त्यानं जाता जाता त्या अशा माणसाकडं एक नजर टाकायच्या आणि तो बिचारा काही कारण नसताना उठून उभा राहायचा. घनसावंगीच्या मुलींच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी पीटी शिकवण्यात घातली होती. गावातल्या अर्ध्या सुना आणि पाऊण सासवा त्यांच्या हाताखालून पळालेल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बाजारात त्या दिसल्या की बाया पोट आत घेत.

त्यांचं माहेर जांब समर्थकडचं, खात्यापित्या शेतकऱ्याचं. मुलगी कालव्याच्या कडेनं पळते म्हणून चुलत्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. असल्या पोटऱ्यांच्या पोरीला कोण करून घेणार, असं आत्या तोंडावर विचारायची. करून घेतलं रामकिसननं. तो लाइनमन होता. विजेच्या खांबावर चढलेला असताना त्याला ती पळताना दिसली आणि खाली उतरल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं, तर तिचं गाव विचारलं. ही गोष्ट तो पाहुण्यांना अजून सांगायचा. दैवशालाबाई म्हणायच्या, "तारेकडं लक्ष द्यायचं सोडून पोरी बघत व्हते. जिवंत राहिले हेच नवल."

रामकिसनरावांमध्ये त्यांना तुच्छ वाटावं असं पुष्कळ होतं. पहिलं म्हणजे पोट. दुसरं म्हणजे सजावटीचा सोस. कुठलाही सण आला की हा माणूस माळ्यावरून तारा, बल्ब, झिरमिळ्या आणि रंगीत कागद काढून हॉलभर पसरून बसायचा आणि स्वतःशीच गाणं म्हणायचा. एका पोळ्याला तर त्यांनी शेजाऱ्याच्या बैलाच्या शिंगांना लाइटची माळ बांधली होती. बैल उधळला तो थेट बसस्टँडवर. तेव्हापासून शेजारी पोळ्याला गोठ्याला कुलूप लावायचा.

तर अशा दैवशालाबाईंचा गुडघा गेला.

झिजला, असं डॉक्टर म्हणाले. जालन्याला ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसला आणि बाई वॉकर घेऊन घरी आल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खरं काम आता व्यायामाचं आहे. हे ऐकून बाई इतक्या कुत्सितपणे हसल्या की डॉक्टर चाचरले. व्यायाम! तो यांनी मला शिकवायचा?

शिकवायला आली अंबरीन. कमरोद्दीन गादीवाल्यांची धाकटी. फिजिओथेरपी शिकून परत आलेली आणि बसस्टँडजवळ छोटा दवाखाना टाकलेली. बाईंनी तिला दारातच ओळखलं आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. ही तीच पोरगी! पीटीचा तास आला की हिचं पोट दुखायचं. शाळेत होती तोवर ती मैदानाच्या कडेला पोट धरून बसलेली असायची, आणि तास संपला की पोट बरं व्हायचं.

"मॅडम, टाच गादीवरून हळूहळू मागं आणायची," अंबरीन म्हणाली. "जेवढी येईल तेवढी. मंग सोडायची."

"बस?"

"बस."

"हा व्यायाम हाय?"

"तुमच्यासाठी आत्ता हाच आहे, मॅडम."

बाईंनी टाच ओढली. गुडघ्यातून कळ आली ती डोळ्यांत उतरली. पोरीला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग पाय सरळ उचलणं, गुडघ्याखालची उशी दाबणं, घोट्याला रबरी पट्टा बांधून ओढणं. जमिनीवर पडलं तर परत कसं उठायचं हेही अंबरीननं एक दिवस स्वतः खाली झोपून दाखवलं. बाई त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी काय पडणार आहे?

अंबरीन गेली की त्या रामकिसनरावांना सांगायच्या, "तान्ह्या लेकराच्या मालिशीला बी याच्याहून जास्त कष्ट पडत्यात."

भादवा लागला आणि घरात महालक्ष्म्यांची तयारी सुरू झाली. त्यांच्या घरी महालक्ष्म्या हॉलमध्येच उभ्या राहायच्या आणि बाईंची व्यायामाची गादीही हॉलमध्येच होती.

"मॅडम," सगळं गाव म्हणायचं तसं रामकिसनरावही त्यांना मॅडमच म्हणत, "चार दिवस गादी आतल्या खोलीत टाकू का?"

"का? मी काय अडगळ हाय?"

"तसं न्हाई. यंदा देखावा जरा मोठा करून राह्यलो. धबधबा हाय."

"काय हाय?"

"धबधबा. कूलरची मोटर बसवतो. डोंगरावरून पाणी पडंल, परत टबात जाईल, परत वर."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "आपल्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. आन् तुम्ही लक्ष्म्यांना धबधबा दाखवणार?"

"त्यांना तरी दिसू द्या की," रामकिसनराव खुशीत म्हणाले.

गादी हलली नाही. हॉलच्या एका कोपऱ्यात बाई टाच ओढत राहिल्या आणि दुसऱ्या कोपऱ्यात गोणपाट, पुठ्ठे आणि डोंगराचा खडबडीत कागद यांचा ढीग छताकडं चढू लागला.

अशात जालन्याहून मुलगा आणि सून आले. हरिओम बियाण्याच्या कंपनीत होता, शालू बँकेत. त्यांच्याबरोबर एक पिशवी होती आणि पिशवीतून एक पांढरं, केसाळ डोकं बाहेर आलं होतं.

"हे काय?"

"आई, ही बर्फी," शालू म्हणाली.

"कुत्रं हाय का?"

"हो."

"मंग पिशवीत का? पाय न्हाईत का त्याला?"

बर्फीला पाय होते. खाली सोडल्याबरोबर ती साऱ्या घरातून धावत सुटली, झिरमिळ्यांत गुंडाळली गेली, रामकिसनरावांच्या मांडीवर चढली आणि शेवटी घरच्या बोक्यासमोर जाऊन उभी राहिली. बोक्याचं नाव दाजी. कान फाटका, अंगानं दांडगा. आल्यागेल्या जावयासारखा नुसता खायचा आणि झोपायचा, म्हणून रामकिसनरावांनीच ते नाव ठेवलं होतं. दाजीनं बर्फीच्या नाकावर एक पंजा ठेवून दिला आणि तो अर्धवट डोंगराच्या मागं जाऊन झोपला. सून बर्फीला कुरवाळू लागली. मुलगा, नवरा आणि सून तिघंही जमिनीवर बसून त्या कुत्र्याशी बोबडं बोलत होती. दैवशालाबाईंना वाटलं, आपण आयुष्यभर एवढ्या पोरी पळवल्या आणि घरात ही असली फौज निघाली.

त्या दिवसापासून व्यायामाची पार रया गेली. बाईंनी पाय उचलला की बर्फी पायाखालून जायची. टाच ओढली की टाचेवर झडप घालायची. रबरी पट्टा तर तिला आपल्यासाठीच आणलाय असं वाटायचं. बाई ओरडायच्या, "हाकला याला!" आणि पुठ्ठा कापता कापता हरिओम म्हणायचा, "खेळून राह्यली आई ती." शालू हसायची. अंबरीनसुद्धा एकदा हसली. बर्फी बाईंच्या नडगीवर आडवी पडली होती आणि बाई तिच्यासकट पाय उचलत होत्या. "राहू द्या मॅडम, वजन बराबर आहे," ती म्हणाली. बाईंनी तिच्याकडं जी नजर टाकली त्या नजरेनं मागच्या काळी मुलगी मैदानाला फेरी मारून आली असती. अंबरीननं मात्र शांतपणे पट्ट्याची गाठ घट्ट केली.

महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी सकाळी घर रिकामं झालं. रामकिसनराव आणि हरिओम फुलं, केळीचे खुंट आणायला गेले, शालू शेजारी साळूबाईंकडं फुलोऱ्याच्या करंज्या तळायला. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर दोऱ्यानं टांगायच्या त्या करंज्या, शंकरपाळे, वेण्या; शालूला काही येत नव्हतं आणि साळूबाईंना सगळं येत होतं. धबधबा तयार होता. रात्रीच्या चाचणीत पाणी खरोखर वरून खाली पडलं होतं आणि रामकिसनरावांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता मोटर बंद होती, टब काठोकाठ भरलेला होता.

बाईंनी इकडं तिकडं बघितलं. बस झाली ही टाच ओढण्याची थट्टा. त्यांनी रबरी पट्ट्याचं एक टोक हॉलमधल्या पलंगाच्या पायाला बांधलं, दुसरं घोट्याला, खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या आणि वॉकर पायानं बाजूला सरकवला. बैठक मारायची. अर्धी. पोरींना पहिल्या दिवशी द्यायच्या तेवढी.

"एक," त्या म्हणाल्या आणि वाकल्या.

ताणलेला पट्टा थरथरला. स्वयंपाकघरातून बर्फी गोळीसारखी आली आणि तिनं तो दातांत धरला. बाई म्हणाल्या, "सोड." बर्फीनं गुरगुरून झटका दिला. डोंगराच्या मागं दाजीची झोप मोडली. तो उठला तो पाठ फुगवून आणि समोर कुत्रं बघून सरळ डोंगरावर चढला. गोणपाट फाटलं, पुठ्ठा वाकला, बर्फी पट्टा सोडून भुंकत दाजीच्या मागं गेली. एवढं सगळं घडायला बाईंना "ए" म्हणण्याइतकाही वेळ मिळाला नाही. निळं प्लॅस्टिक, कागदाचे खडक, कापसाचा फेस, सगळं एकदम खाली आलं. टब कलंडला. ओल्या फरशीवरून खुर्ची सरकली आणि तिच्यामागून बाई हळूच, जवळजवळ सन्मानानं, खाली बसल्या. आणि मग आडव्या झाल्या.

गुडघा फारसा दुखला नाही. पण उठता येईना. एकदा जोर केला, पाय घसरला. दुसऱ्यांदा हात घसरला. लुगड्याला पाणी लागलं, मानेखाली कापूस चिकटला. ओरडलं तर साळूबाई ऐकतील. पण साळूबाईंनी येऊन काय बघायचं? पीटीच्या बाई धबधब्यात पडल्यात? त्यांनी ओठ घट्ट मिटले. बर्फी येऊन त्यांचा कान चाटू लागली.

"निर्लज्ज," बाई तिला म्हणाल्या. मग छताकडं बघत तोच शब्द पुन्हा म्हणाल्या. या वेळी तो कुत्र्यासाठी नव्हता.

अंबरीन आली ती रोजच्यासारखी. दारात थबकली. चपला काढल्या, पाण्यातून आली, गुडघ्यावरून हात फिरवला, पाय वाकवून बघितला, कुठं दुखतंय ते विचारलं. मग उठून दोन पावलं मागं उभी राहिली.

"काय बघून राह्यली? हात दे."

"हात न्हाई देणार मॅडम. काही झालेलं न्हाई. तुम्हीच उठायचं."

"बदला घेती का गं?"

"थोडासा," अंबरीन म्हणाली. "कुशीवर वळा. चांगल्या पायाकडं."

बाईंच्या तोंडात आयुष्यभराचे अपमान गोळा झाले. एकही बाहेर पडला नाही, कारण कुशीवर वळायलाच सगळा दम लागला. कोपर टेकवा. आता दोन्ही हात. पलंगाकडं सरका. चांगला पाय आधी. अंबरीन एकेक गोष्ट सांगत होती, न रागावता, न हसता. आणि बाईंना कळत होतं की ही पोरगी शिकवते चांगलं. हे कळणं त्यांना पडण्यापेक्षा जास्त झोंबलं. पलंगाच्या कडेवर बसल्या तेव्हा त्या घामानं आणि पाण्यानं निथळत होत्या.

"तुझं पोट खरंच दुखायचं का?" त्यांनी एकदम विचारलं.

"न्हाई. मला भ्या वाटायचं."

"पडायचं?"

"तुमचं."

अंबरीननं पुसायला फडकं शोधलं.

तेवढ्यात रामकिसनराव केळीचे खुंट खांद्यावर घेऊन आत आले. मागं हरिओम, त्याच्या मागं करंज्यांची परात घेऊन शालू. तिघंही डोंगराच्या ढिगाऱ्याकडं बघत राहिली. ढिगाऱ्यावर दाजी अंग चाटत बसला होता. शालूनं बर्फीला उचललं आणि रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, सॉरी, हिनंच..."

"तिनं न्हाई," दैवशालाबाई म्हणाल्या. "मी पाडलं. बैठका मारत व्हते. आन् तसंबी तुमचा डोंगर कच्चाच व्हता. पायाला नुसता पुठ्ठा! बोक्याच्या वजनानं पडतो तो काय डोंगर?"

रामकिसनरावांनी आधी बायकोकडं बघितलं, तिच्या मानेला चिकटलेल्या फेसाकडं बघितलं, गुडघ्याकडं बघितलं. "लागलं का?"

"न्हाई."

"बिलकुल?"

"न्हाई म्हणते ना."

मग त्यांना हसू फुटलं. दाराची चौकट धरून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ते हसले. हरिओम हसला. शालू हसली. बाई तिघांकडं आळीपाळीनं बघत होत्या. असल्या माणसांबरोबर चाळीस वर्षं काढली, यासाठी सरकारनं आपल्याला काहीतरी द्यायला पाहिजे होतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

दिवेलागणीला महालक्ष्म्या आल्या. धबधब्याला वेळ उरला नव्हता. बाईंनी पलंगावरून हुकूम सोडले, म्हणून मागं दोन साड्यांचे पडदे तरी सरळ लागले. दाजीला आणि बर्फीला वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलं होतं. दोघंही दारं खरवडत होती. दुसऱ्या दिवशी जेवणाला निम्मी आळी आली. बाया हात जोडून मुखवट्यांकडं बघत आणि म्हणत, "यंदा कशी साधी, छान आरास केली हो." हे ऐकून रामकिसनराव खट्टू होत आणि बाई नाक मुरडत, कारण पडद्याची डावी बाजू अजून तिरकी होती आणि ते एकीलाही दिसत नव्हतं.

अंबरीन अम्मीला घेऊन आली. बाईंनी दोघींना स्वतः पुरणपोळी वाढली, वॉकरशिवाय, भिंतीला हात लावत. अंबरीन त्यांच्या पावलांकडं बघत होती.

"टाच आधी टेकवा, मॅडम. फरफटू नका."

"जेव आधी," बाई म्हणाल्या. "शाळेत खाल्लं असतं तर एवढीशी राहिली नसतीस."

सण उरकून हरिओम आणि शालू निघाले. वॉकर घरी ठेवून, काठी टेकत बाई त्यांना सोडायला स्टँडवर आल्या. बर्फी पुन्हा पिशवीत गेली. जीप सुटायच्या आधी शालूनं विचारलं, "दिवाळीला आणू का आई हिला?"

"माझ्या गादीवर केसच केस झालेत," बाई म्हणाल्या. आणि शालूचा चेहरा पडलेला बघून पुढं म्हणाल्या, "आणायचं तर चालवत आण. पिशवीत घालून आणलं तर दारातूनच परत."

जीप गेल्यावर त्या वळल्या. स्टँडच्या बाकड्यावर दोन तरणी पोरं मोबाइलात मान घालून बसली होती. बाई त्यांच्यासमोर थांबल्या. पोरं उठली नाहीत. त्यांना ही काठी टेकणारी बाई कोण हे माहीतच नव्हतं. दैवशालाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, घशातून एक आवाज काढला आणि टाच आधी टेकवत घराकडं निघाल्या.