अँटेनाकाकांचा एक हात

उघड्या टीव्हीत अँटेनाकाका एकच हात घालत. दुसरा पँटच्या खिशात. पहिल्यांदा मला तो रुबाबच वाटला. "रुबाब कसला! जुनी पिक्चर ट्यूब प्लग काढल्यावरही करंट धरून बसते. दोन्ही हात घातले की तो छातीतून जातो, मग आटोपलंच," ते म्हणाले. तेव्हापासून त्यांच्या नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या घरी मी जीव मुठीत धरून बसायचे.

तरुणपणी काका इथल्या एका टीव्हीच्या दुकानात होते. घरच्या टीव्हीवर खेळायचे व्हिडिओ गेम तेव्हा नुकते आले होते. पडद्यावरच्या दोन पांढऱ्या फळ्यांनी एक ठिपका टोलवायचा, एवढाच खेळ. गेमचं खोकं अँटेनाच्या जागी जोडायचं, म्हणून इथल्या मराठी मंडळींनी त्यांना हे नाव ठेवलं. डच गिऱ्हाइकं धास्तावलेली असत. टीव्ही जळेल, पडद्यावर फळ्यांचे डाग कायमचे उमटतील! काका घरी जाऊन खोकं जोडून देत आणि पहिला डाव घरातल्या आजींना जिंकू देत. "आजी जिंकली की अख्ख्या गल्लीत खोकी खपायची," हे सांगताना ते खुलत. पुढे कार्ट्रिज बदलून वेगवेगळे गेम खेळायची खोकी आली आणि ही अडगळीत गेली. काकांनी ती घरी आणली. आजच्या टीव्हीला ती जोडता येत नाहीत, म्हणून जुने टीव्हीही जपले.

दर रविवारी मी ऑफिसची कटकट विसरायला त्यांच्याकडे जायचे. ते टीव्ही दुरुस्त करत, मी टॉर्च धरी. मग आम्ही खेळायचो. काका हरले की खोक्यालाच शिव्या घालत.

गेल्या मार्चमध्ये मी आत शिरले, तर काकांचे दोन्ही हात टीव्हीत. प्लग भिंतीत तसाच. ओरडले असते तर ते दचकले असते. मी हळूच प्लग उपटला, पण ट्यूब भरलेलीच असणार.

"काका, मला चहा हवाय," मी कसंबसं म्हटलं.

हात सावकाश बाहेर आले. "ट्यूबमधला करंट मी काढला होता का गं?" त्यांनी मलाच विचारलं.

त्या प्रश्नाने मी जास्त घाबरले. शेवटी मास्ट्रिख्टला त्यांच्या लेकीला फोन केला. ती व्हॅन घेऊन आली आणि सगळे टीव्ही घेऊन गेली. आता काका आपलं तोंडही बघणार नाहीत, या धास्तीने मी दारातच उभी होते.

"रागावलात?"

"नाही गं. मीच घाबरलो होतो. आत हात घातला की पुढचं काही आठवायचंच नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"टीव्हीच गेले असते, तर रविवारी तू कशाला आली असतीस?"